पोंग मासोरा आणि आमच्या इंदोचा खडक

पोंग मासोरांना माझ्या हातचं जेवण कधी म्हणजे कधीच आवडलं नाही. अडीच वर्षं मी त्या माणसाला रोज दुपारी शेताचे बांध चढून डबा पोचवला. ज्या घराण्याची कबर खडकात कोरायची, त्या घरानंच कोरणाऱ्याला जेवू घालायचं, ही आम्हा डोंगरातल्या तोराजा लोकांची रीत, त्यातून सुटका नाही. भात नेला तर म्हणायचे, गिच्च झालाय. शेतातले मासे तळून नेले तर म्हणायचे, नुसते काटे. बांबूत भाजलेलं डुकराचं मांस नेलं, तेही रविवारचं चर्च बुडवून, तर बांबू नाकाशी धरून विचारलं, "मिरची कुठं गेली? वाटेत सांडली का?"

वय सत्तरच्या पुढं. अंगात मांस नाही, पण मनगटं पहारीएवढी. उजव्या हाताची दोन बोटं पेरापाशी तुटलेली. डावा कान ठार बहिरा, आणि कुणी चूक काढायला लागलं की नेमका तोच कान पुढं करायचे. बापाकडून काम शिकले, अकरा खडक कोरले, सेसेआन डोंगराच्या उतारावरच्या निम्म्या घराण्यांचे पूर्वज यांच्या हातच्या खोल्यांत झोपलेत. बायको केव्हाच गेली, मुलगा बोर्निओला लाकडाच्या वखारीत. पोंग हा मान आम्ही मोठ्या कारागिराला देतो. मान द्यावा असाच माणूस होता, पण त्याच्याशी रोज दोन वाक्यं बोलायची वेळ आली की डोकं फिरायचं. कारण त्यांच्या हातून चूक झाली, असं ते आयुष्यात म्हणाले नव्हते. छिन्नी तुटली, तर खडक वाईट. परांची कलली, तर बांबू वाईट. हातोडा बोटावर बसला, तरी बोटाचीच चूक.

हे सगळं सुरू केलं माझ्या सासूनं. इंदो म्हणजे आमच्याकडं आई. सारं गाव तिला इंदो साम्पे म्हणायचं, थोरल्या मुलाची, साम्पेची आई म्हणून. सासरे गेले ते त्यांच्या घराण्याच्या कबरीत, वरच्या कड्यात, पहिल्या बायकोशेजारी. इंदो दुसरी. ती म्हणायची, "जन्मभर त्या बाईच्या मडक्यात शिजवलं. मेल्यावर तिच्या कुशीला अंग चोरून निजायचं नाहीये मला. माझ्या शेतात माझा खडक आहे."

तो होताच. भातशेतीच्या मधोमध, घरापेक्षा उंच, कधीकाळी डोंगरावरून गडगडत आलेला काळा धोंडा. चाळीस वर्षं लावणीच्या दिवसांत इंदो त्याला पाठ टेकून जेवली होती. त्यातच तिला जागा हवी होती, तिची आणि तिच्या मागून येणाऱ्या आम्हा सगळ्यांची. एक दिवस तिनं पोंग मासोरांना बोलावलं. त्यांनी खडकाभोवती फिरून हातोड्यानं टकटक केलं, चांगला कान लावला.

"पूर्वेकडून बद्द वाजतोय," ते म्हणाले.

"तुझा कान बद्द आहे," इंदो म्हणाली.

"पोटात चीर आहे याच्या. पश्चिमेकडून जाऊ."

"पश्चिमेला काय दिसतं? डुकरांचा खुराडा. मला माझी शेतं दिसली पाहिजेत."

"आत गेल्यावर काय दिसणार आहे तुला?"

"ते मी बघून घेईन. तू कोर."

लहानपणी दोघांनी एकाच माळावर म्हशी राखल्या होत्या. तिच्यापुढं त्यांचं तेव्हाही चाललं नव्हतं, असं जुनी माणसं सांगत. पोंगनी कपाळाला आठ्या घातल्या आणि पूर्वेकडून परांची बांधली. डुक्कर कापलं, खडकाला रक्त दाखवलं, काम सुरू झालं.

दोन महिन्यांनी इंदो सकाळी चुलीपाशी कॉफी गाळता गाळता कलली. डॉक्टरांनी नाडी बघितली, मान हलवली, आणि शरीर टिकायची सुई टोचून गेले. आम्ही तिला दक्षिणेच्या खोलीत निजवलं. त्या दिवसापासून इंदो आजारी. श्वास थांबला म्हणून आमच्याकडं माणूस मेलं असं होत नाही. रेडे कापून, सगळे सोयरे जमवून, मोठा विधी होऊन ते कबरीत जाईपर्यंत ते आजारीच. मग त्याला वर्ष लागो की पाच. सकाळी उशाशी कॉफी ठेवायची, पान-सुपारी ठेवायची, बाजाराला निघालं की सांगून निघायचं. आणि येणारं प्रत्येक लेकरू तिच्या अंगावर आपलं एक पांघरूण गुंडाळणार. आमच्या घरात पेटीत ठेवत नाहीत, गुंडाळतात.

एका दुपारी पोंग हात धुता धुता म्हणाले, "माप लागेल."

"कसलं?"

"बाईचं. तोंड केवढं ठेवू मी खडकाला?"

मी भांडी आवरायची थांबले. "ती आजारी आहे, पोंग."

"मग अंदाजानं कोरू?"

नवऱ्याला, युनुसला, विचारलं तर तो पाटावरून उठूनच गेला. "आजारी आईच्या अंगाला कबरीची दोरी लावू? तुला काही वाटतं का? मला सांगू नको, मी ऐकलंच नाही."

ऐकलंच नाही म्हटल्यावर करायचं कुणी, हे ठरलेलंच. रविवारी सगळे चर्चला गेल्यावर मी म्हशीच्या पारड्याची दोरी घेऊन आत गेले. "इंदो, जरा कूस बदलायला मदत करते हं," असं खोटंच म्हटलं आणि दोरी तिच्या खालून घेतली. घेर मोजून गाठ मारली. गाठ दोनदा सुटली. दुपारी ती दोरी पोंगना दिली. त्यांनी ती तीन पदरी दुमडली. घेराची दोरी तीन पदरी केली की रुंदी कळते, ही त्यांची विद्या. वर चार बोटं मोकळी धरली आणि दोरी गळ्यात अडकवली. ही गोष्ट आम्हा दोघांतच राहिली.

मग पूर्वेची बाजू फसली. सात महिन्यांनी, हातभर आत गेल्यावर, केसाएवढी काळी रेघ दिसली. पोंगनी तिच्यावर लोटाभर पाणी ओतलं आणि बघत बसले. पाणी आत गेलं ते गेलंच. दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेले तर परांची सोडायला काढलेली.

"खडकाची चूक," ते म्हणाले.

"तुम्ही तर आधीच म्हणाला होतात, चीर आहे म्हणून!"

"म्हणालो होतो. खडकानं ऐकायला नको?"

मी तिथंच बांधावर बसून रडले. दुःखानं नाही, संतापानं. सात महिने, रोजचा डबा, एक डुक्कर, सगळं मातीत. घरी येऊन इंदोच्या उशाशी कॉफी ठेवली आणि सांगितलं, "इंदो, पूर्वेकडून जमत नाही. पश्चिमेकडून करतोय. खुराडा हलवते मी." तिनं गप्प राहून ऐकून घ्यायची ही पहिलीच वेळ.

थोरला दीर साम्पे पापुआत खाणीवर मुकादम. त्यानं फोनवर ऐकलं आणि म्हणाला, "मग दुसरा खडक बघा."

"दुसरा बघायला खडक म्हणजे काय चप्पल आहे, भाऊजी? इंदोला हाच हवाय."

"मग लवकर करा. विधीची पुढच्या ऑगस्टची तारीख सगळ्यांना कळवलीय मी."

उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं!

पश्चिमेकडून दुसरं डुक्कर कापलं. वीतभर आत गेलं आणि गाठ लागली. काळाकुळकुळीत, लोखंडासारखा दगड. छिन्नी लावली की ठिणगी उडायची आणि छिन्नीचंच तोंड वळायचं. रोज सहा बोथट छिन्न्या मी खाली लोहाराकडं न्यायच्या, त्यानं धार काढून पाणी दिलेल्या सहा वर आणायच्या, आणि वर डबा. महिनाभरात जेमतेम तळहाताएवढं आत गेलं. त्यात पाऊस. खडकाच्या अंगातून पाणी पाझरायचं, आत बसायला जागा नाही, परांचीचे बांबू कुजले, एक दिवस पोंगसकट खाली आले. पोंगना काही झालं नाही, अंगठा मात्र सुजून वांग्याएवढा झाला. पाच आठवडे त्यांना हातोडा धरता येईना. ते पाच आठवडेही जेवण मीच पोचवलं, आता त्यांच्या घरी. तिथंही भात गिच्चच होता.

ऑगस्टची तारीख हुकली. माझी नणंद लुडिया मकास्सारला बँकेत. तिनं फोनवर मला झापलं. "साहेबांपुढं दोनदा रजा मागायची म्हणजे काय असतं, तुला काय कळणार! तुम्ही तिथं आहात, तुमच्यानं एक म्हातारा हलवत नाही?"

"तू ये आणि हलव," मी म्हणाले.

साम्पेनं व्हिडिओ कॉल लावला. मी फोन पोंगसमोर धरला. "पोंग, किती टक्के काम झालं?" पोंगनी त्याच्याकडं बहिरा कान केला आणि भाजीतला खडा शोधत बसले.

टक्के कळले नाहीत म्हणून साम्पेनं मशीन पाठवलं. रांतेपाओ शहरातून एक माणूस जनरेटर आणि मोठं ड्रिल घेऊन आला. पोंग म्हणाले, "याच्या पोटात चीर आहे. हिसका बसला तर ती जागी होईल." साम्पेचं म्हणणं, जग कुठं गेलंय. युनुस म्हणाला, दादा म्हणतोय तर बघू. युनुस कायम बघूच म्हणतो. मशीन अर्धा दिवस चाललं. गाठ फुटली, हे खरं. पण संध्याकाळी पोंग खडकाच्या डोक्यावर चढून बघतात, तर पूर्वेची चीर वरून वळसा घेऊन पश्चिमेच्या तोंडावरच्या कपाळापर्यंत आलेली. ते हातोडा घेऊन मशीनवाल्याच्या मागं शेतातून धावले. सत्तरीचा माणूस चिखलातून एवढं धावू शकतो, हे मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला तोंडापाशी उभं केलं. कोळशानं चौकट आखली होती. "हे बघ. तोंड एवढंच. दोरीएवढं आणि चार बोटं. याच्यावर एक बोट वाढवलं तर कपाळ खाली येईल. नीट बघून ठेव, मग मला म्हणू नका."

मी बघितलं. मान डोलावली.

आता माझं पाप सांगते. या सगळ्या काळात इंदोच्या अंगावर पांघरुणं चढत होती. साम्पे नाताळला आला तो चार घेऊन, त्यात वरचं वाघाच्या चित्राचं, गादीएवढं जाड. लुडिया आली ती रेशमी दोन घेऊन, आणि एक लोकरी, कारण डोंगरात थंडी असते म्हणे. चुलतभाऊ आले, मावसबहिणी आल्या. कोणी रिकाम्या हातानं आलं नाही, आणि आपलंच पांघरूण वर दिसावं असं प्रत्येकाला वाटत होतं. युनुस हसायचा, "इंदो आजारपणात बाळसं धरतेय." मीही हसायचे. रोज उशाशी कॉफी ठेवताना मला ते दिसत होतं. एकदा वाटलंही, दोरी पुन्हा लावावी. पण पुन्हा तिच्या खालून दोरी घालायची, पुन्हा खोटं बोलायचं? मन होईना. पोंग मापाचं काही विचारत नाहीत, म्हणजे त्यांनी हिशेब धरला असेल, असं म्हणून मी गप्प बसले. मला माझी लाज वाटते.

तिसऱ्या वर्षी जुलैत खोली झाली. पोंगनी ती केरसुणीनं झाडली, आणि मला आत बोलावलं. मी तोंडातून वाकून, अंग चोरून आत गेले. आत दहा-बारा माणसं निजतील एवढी जागा. भिंती हाताला गार लागल्या.

"पाठ टेक," ते म्हणाले.

मी टेकली. कुठं टोचलं नाही. "सुंदर झालंय, पोंग," मी म्हणाले, आणि मनापासून म्हणाले.

"कालच्या भाजीत मीठ नव्हतं," ते म्हणाले.

विधी पाच दिवस चालला. नऊ रेडे पडले, अंगणात आजूबाजूची तीन गावं जेवली. शेवटच्या दिवशी सकाळी इंदोला उचललं. आमच्यात नेताना रडत, गप्प नेत नाहीत. उचलणारे ओरडतात, मागं-पुढं ढकलतात, शेतातलं पाणी एकमेकांवर उडवतात. सगळे चिखलानं माखून खडकापाशी पोचले. पोंग आधीच आत बसले होते, डोक्याकडून धरून आत घ्यायला. लाल कापडाची गुंडाळी शिडीवरून वर चढली, तोंडाला लागली, आणि थांबली.

आधी वाटलं, तिरकी झाली असेल. सरळ केली. फिरवली. खालून चौघांनी रेटली. आतून पोंगचा आवाज आला, "थांबा, थांबा, रेटू नका!" गुंडाळी बाहेर ओढली. तोंड चार बोटं कमी पडत होतं. नीट मोजलं असतं तर कदाचित पाच.

"तोंड मोठं करा!" साम्पे खालून ओरडला. "आत्ताच्या आत्ता करा!"

पोंगनी डोकं बाहेर काढलं. "छिन्नी लावली तर कपाळ बसेल. तुझ्या मशीनची मेहेरबानी."

"दोन-अडीच वर्षं काय करत होतात मग? अकरा खडक कोरले म्हणून मिरवता, आणि एक बाई आत जाईना?"

लोक कुजबुजू लागले. साम्पेचा चुलता म्हणाला, "उन्हात किती वेळ धरून ठेवणार? वरच्या कड्यात न्या. तिथलं तोंड मोठं आहे, आणि शेवटी घराणं तेच." दोघातिघांनी माना हलवल्या. साम्पे घाम पुसत म्हणाला, "तेच करू. चला, वळवा." आणि उचलणाऱ्यांनी खांदे वळवलेसुद्धा.

पहिल्या बायकोशेजारी. अंग चोरून.

तेवढ्यात वरून पोंग म्हणाले, "चूक माझी आहे."

मी वर बघितलं. ते खडकाच्या तोंडात गुडघ्यावर बसले होते, केसांवर दगडाची पूड, आणि ते खडकाला, बांबूला, मशीनला काही म्हणत नव्हते. "मापात मी चुकलो," ते पुन्हा म्हणाले, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "संपला म्हातारा. आता याला कोण बोलावतंय!" ते त्यांनीही ऐकलं असणार, चांगला कान आमच्याच बाजूला होता. पण माझ्याकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

माझ्याच्यानं गप्प राहवेना. "चूक त्यांची नाही," मी म्हणाले. "माप मी घेतलं होतं. मी दिलेल्या दोरीवर त्यांनी कोरलं."

लुडिया माझ्याकडं वळली. "कधी घेतलंस?"

"पहिल्याच वर्षी."

"म्हणजे आई आजारी असताना तू तिच्या अंगाला दोरी लावलीस?"

युनुस जमिनीकडं बघत राहिला.

"हो, लावली! आजारी असताना लावली! तुमच्यापैकी कोण लावणार होतं? तू बँकेतून लावणार होतीस? आणि पुन्हा लावायला हवी होती, ती नाही लावली, ही माझी चूक. पण तुम्ही एवढी पांघरुणं आणलीत तिला, एकानं तरी बांध चढून खडकाचं तोंड बघितलं? तिला मऊ हवं, तिला ऊब हवी, सगळं तुम्हाला ठाऊक. तिला काय हवं होतं ते एकच सांगून गेली ती, आणि तेवढंच तुम्ही वळवायला निघालात. त्या बाईशेजारी तिला नेलंत ना, भाऊजी, तर मी तुमच्या घरात पाणी पिणार नाही. काढा ती वरची पांघरुणं. आधी तो वाघ काढा."

"माझं?" साम्पेचा आवाज चिरकला. "सगळ्या गावासमोर थोरल्याचं पांघरूण आईच्या अंगावरून काढायचं?"

"काढून टाकायचं कोण म्हणतंय?" पोंग वरून म्हणाले. "बाई आधी आत येऊ दे. पांघरुणं मागून एकेक करून द्या. मी आत घालतो तिला. कुणाचं राहणार नाही."

साम्पेनं लाल कापडाची दोरी स्वतःच सोडायला घेतली. गाठ त्याला सुटेना, डोळ्यांपुढचं दिसत नव्हतं त्याला. लुडियानं पुढं होऊन दुसऱ्या टोकाला हात घातला. लाल कापड उतरलं, वाघ निघाला. त्याच्याखालचं साम्पेचं दुसरं, मग लुडियाचं लोकरी, मग आणखी दोन. मग लाल कापडात पुन्हा बांधलेली गुंडाळी वर चढली, आणि या वेळी तोंडातून आत गेली. अर्धं बोट जागा उरली असेल दोन्हीकडं.

मग आतून पोंगचा हात बाहेर यायचा आणि आवाज यायचा, "हे कुणाचं?"

"लुडियाचं."

"आण. हे कुणाचं?"

"साम्पेचं. वाघाचं."

"जड आहे मेलं. आण."

शेवटचं आत गेल्यावर ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. चुलता म्हणाला, झोपला का काय म्हातारा. मग ते उतरले, युनुसनं लाकडी दार बसवलं, पाद्रीसाहेबांनी प्रार्थना केली. तेव्हा कुठं मी रडले. इंदो गेली, असं त्या दिवशी पहिल्यांदा तोंडातून निघालं.

लोक जेवायला खाली पांगले. पोंग बांधावर बसून पायाचा चिखल खरवडत होते. मी डबा घेऊन गेले. सवयीनं भरला होता. त्यांनी गळ्यातली दोरी काढून माझ्या हातात दिली.

"तुम्ही का अंगावर घेतलंत?" मी विचारलं. "तुम्ही तर जन्मात कधी..."

त्यांनी माझ्याकडं चांगला कान केला होता. "दुसऱ्यांदा दोरी मीच मागायला हवी होती," ते म्हणाले. "कोरणाऱ्याचं काम ते. तुमच्या घराकडं पांघरुणं जाताना मला दिसत होती. मी काय आंधळा आहे?"

"मग मागितली का नाहीत?"

"तीनदा आलो होतो मागायला. दारातून विचारलं, बाई कशी आहे? तू म्हणालीस, आजारी आहे." त्यांनी नाक पुसलं. "मग परत गेलो. म्हटलं, आजारी आहे, पडू दे. बरं वाटलं की बघू."

मी डबा उघडून त्यांच्यापुढं ठेवला. भात गिच्चच झाला होता. ते काही म्हणाले नाहीत, खाली मान घालून जेवले.